जाणारच असेल, तर विकावा का?

15 जून 1976 या दिवशी ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा मालक चार्ली फिनली याने आपले तीन खेळाडू विकायला काढले. व्हायडा ब्लू हा पिचर 15 लाख डॉलरला न्यूयॉर्क यँकीजला, आणि जो रुडी व रॉली फिंगर्स प्रत्येकी 10 लाखांना बॉस्टन रेड सॉक्सला. हा काही पडलेला संघ नव्हता. 1972, 73 आणि 74 अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली होती. पण विम्याच्या धंद्यात पैसा केलेला फिनली हिशेबाला पक्का होता, चिक्कूही होता. हंगाम संपला की ही मंडळी हातची सुटणार आणि आपल्या पदरात दमडी पडणार नाही, हे त्याने इतर मालकांच्या आधी ओळखलं होतं. रेजी जॅक्सनला तर त्याने एप्रिलमध्येच बाल्टिमोरला देऊन टाकलं होतं.

योगायोगाने बॉस्टनचा संघ त्या दिवशी ओकलंडमध्येच मुक्कामाला होता. रुडी आणि फिंगर्स यांनी मैदानाच्या या टोकाच्या खोलीतून त्या टोकाच्या खोलीत जाऊन बॉस्टनचा पोशाख चढवलासुद्धा. पण त्यांना खेळवलं गेलं नाही, आणि तीनच दिवसांत कमिशनर बोवी कून याने खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही सौदे रद्द केले. फिनली कोर्टात गेला, तिथेही हरला. हंगाम संपताच रुडी, फिंगर्स, टेनस, बँडो, कॅम्पानेरिस एकामागून एक चालते झाले. 1977 साली ओकलंड गटात तळाला होतं. त्याच वर्षी जन्माला आलेला सिअ‍ॅटल मरिनर्स हा कोरा संघसुद्धा त्यांच्यापेक्षा अर्ध्या सामन्याने वर राहिला.

फिनलीचा डाव फसला, पण त्याने विचारलेला प्रश्न अमेरिकी बेसबॉलमध्ये दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. आपला सर्वांत मोठा खेळाडू वर्ष-दोन वर्षांत जाणार असेल, तर तो आधीच विकून बदल्यात पोरं घ्यावीत, की शेवटच्या दिवसापर्यंत त्याला खेळवावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे त्या खेळाडूला देण्याइतका पैसा खरोखर नाही, त्याला लवकर विकणं सहसा लाभतं. ज्याच्याकडे पैसा आहे आणि तरीही जो विकतो, तो बहुतेक वेळा पस्तावतो. मात्र दोन्ही विधानांना जोडलेलं ‘बहुतेक’ भलतंच मोठं आहे.

हा पेच मुळात आला कुठून? 1975 पर्यंत खेळाडू म्हणजे संघाची कायमची मालमत्ता असे. करार संपला तरी हक्क संघाकडेच. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने 1969 मध्ये फिलाडेल्फियाला झालेली आपली रवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1972 मध्ये हरला. पण डिसेंबर 1975 मध्ये पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती साखळी तुटली. मालकांनी साइट्झला तडकाफडकी काढून टाकलं, पण निकाल टिकला. पुढे तडजोड झाली ती अशी: मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू मुक्त.

आयपीएलमध्ये मोठ्या लिलावाआधी संघ मोजके खेळाडू राखतात आणि बाकी सगळे एकाच मांडवात येतात. बेसबॉलमध्ये असा मांडव नाही. इथे प्रत्येकाचं घड्याळ निराळं चालतं. 172 दिवस संघात राहिलं की एक वर्ष धरतात. पहिली साधारण तीन वर्षं पगार किमान दराच्या आसपास, म्हणजे 2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर. पुढची तीन वर्षं लवादाच्या पद्धतीने पगार चढत जातो, तरी खुल्या बाजाराच्या बराच खाली राहतो. म्हणजे एखादा पोरगा पहिल्या सहा वर्षांत जे खेळतो त्याची बाजारभावाने किंमत कितीतरी जास्त असते, आणि संघ मोजतो त्यापेक्षा खूपच कमी. मधली तफावत ही संघाची खरी कमाई. तारा विकताना विकली जाते ती हीच तफावत. शिल्लक राहिलेली थोडी पण घसघशीत कमाई देऊन संघ चार-पाच पोरांच्या सहा-सहा वर्षांची अनिश्चित कमाई विकत घेतो.

म्हणून घड्याळात किती वेळ उरलाय, यावर सगळा भाव ठरतो. हे ताडून पाहायला हुआन सोटोइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तो मुक्त होण्याआधी दोनदा विकला गेला. 2019 ची वर्ल्ड सिरीज वॉशिंग्टनला जिंकून देणाऱ्यांत तो होता. 2022 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने त्याच्यापुढे 15 वर्षांचा 44 कोटी डॉलरचा करार ठेवला. तेवीस वर्षांच्या सोटोने तो नाकारला. 2 ऑगस्टला त्याला सॅन डिएगोला पाठवलं गेलं. तेव्हा त्याचे जवळपास अडीच हंगाम शिल्लक होते, आणि म्हणूनच बदल्यात एक संपूर्ण पिढी मिळाली: शॉर्टस्टॉप सी. जे. एब्रम्स, डावखुरा पिचर मॅकेन्झी गोर, आणखी दोन होतकरू खेळाडू आणि जेम्स वुड नावाचा एकोणीस वर्षांचा उंचापुरा पोरगा, जो तेव्हा मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर होता. एब्रम्स 2024 मध्ये ऑल-स्टार झाला. 2025 मध्ये गोर आणि वुड दोघंही झाले, आणि वुडने त्या हंगामात 31 होम रन मारले.

सव्वा वर्षाने, डिसेंबर 2023 मध्ये, सॅन डिएगोने त्याच सोटोला यँकीजकडे धाडलं. आता त्याचा एकच हंगाम उरला होता, आणि भावही त्याच बेताचा आला: मायकेल किंग हा पिचर, सोबत तीन पिचर आणि एक कॅचर. सोटोबरोबर ट्रेंट ग्रिशमही द्यावा लागला. कागदावर हा सौदा किरकोळ दिसत होता. पण किंगने 2024 मध्ये 13 सामने जिंकले. आलेल्या पिचरांपैकी ड्रू थॉर्प याला सॅन डिएगोने मार्चमध्ये लगेच पुढे शिकागोला सरकवलं आणि इतर पोरांच्या जोडीने त्याच्या बदल्यात डिलन सीझ मिळवला. 25 जुलै 2024 ला सीझने एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला. समोर संघ कोणता? सोटोला पहिल्यांदा विकणारं वॉशिंग्टन, आणि तेही त्यांच्याच मैदानावर. सोटो असताना 2023 मध्ये 82 सामने जिंकलेला सॅन डिएगो त्याच्याविना 2024 मध्ये 93 जिंकला. यँकीजही सोटोच्या जोरावर वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. मग तो मेट्सकडे गेला, 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलर.

आता गंमत बघा. दोन सौद्यांत जास्त आणि चांगला माल वॉशिंग्टनला मिळाला, तरी जास्त विजय सॅन डिएगोला मिळाले. 2025 मध्ये तीन ऑल-स्टार पोरं पदरी असूनही वॉशिंग्टन 66 सामने जिंकून तळाशी राहिलं, आणि सौदा करणारे सरव्यवस्थापक माइक रिझो यांना जुलैमध्येच घरी बसवलं गेलं. सौदा चांगला होणं आणि संघ चांगला होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात होते, दुसरीला बाकीचे बावीस-पंचवीस खेळाडूही लागतात.

परत आलेल्या पोरांवरचा जुगार किती आंधळा असतो, हे क्लीव्हलँडच्या वहीत चांगलं दिसतं. जुलै 2008 मध्ये त्यांनी सी. सी. सबाथिया हा आपला आधारस्तंभ मिलवॉकीला दिला. त्याचे तीनच महिने उरले होते. मिलवॉकीकडून तो 11 सामने जिंकला, दोनच हरला आणि त्या शहराला 1982 नंतर पहिल्यांदा बाद फेरीत घेऊन गेला. बदल्यात आलेल्या चौघांत मुख्य नाव होतं मॅट लापोर्टा. तो कधी बहरलाच नाही. सौद्यात शेवटचं नाव मात्र त्या दिवशी कोरंच ठेवलं होतं, ‘नंतर ठरवू’ म्हणून. हंगामानंतर ते ठरलं: मायकेल ब्रँटली. पुढची दहा वर्षं क्लीव्हलँडच्या फलंदाजीचा कणा तोच होता. पुढच्या उन्हाळ्यात, 2009 मध्ये, त्यांनी क्लिफ लीलाही फिलाडेल्फियाला विकलं. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात एका बाजूने सबाथिया आणि दुसऱ्या बाजूने ली पिचिंगला उभे राहिले. क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी तो सामना टीव्हीवर कसा पाहिला असेल, हे सांगायला नको.

पण तो ली तरी आला कुठून होता? 2002 मध्ये क्लीव्हलँडने बार्टोलो कोलोन मॉन्ट्रियलला दिला तेव्हा. मॉन्ट्रियलचा संघच बंद पडणार अशी तेव्हा हवा होती. उद्या संघ राहणार की नाही याचा पत्ता नसलेल्या व्यवस्थापनाने उद्याची पोरं उधळून टाकली: ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स, एका दमात. पुढे लीच्या बदल्यात आलेल्या चौघांत कार्लोस करास्को होता, जो 2017 मध्ये 18 सामने जिंकला. जानेवारी 2021 मध्ये शॉर्टस्टॉप फ्रान्सिस्को लिंडोरचं एकच वर्ष उरलं असताना क्लीव्हलँडने लिंडोर आणि करास्को दोघं मेट्सला दिले. त्यातून आंद्रेस हिमेनेझ मिळाला, त्याने 2022 पासून लागोपाठ तीन वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह जिंकला, आणि क्लीव्हलँडने 2022 मध्ये आपला गट मारला. एका पिचरच्या विक्रीतून निघालेली साखळी वीस वर्षं चालली. इतकं करून क्लीव्हलँडने 1948 नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, हेही त्याच वहीत लिहिलेलं आहे. 2016 मध्ये ते सातव्या सामन्यापर्यंत गेले आणि हरले.

अशा कथा सांगताना एक चलाखी नकळत होते. ब्रँटली आठवतो, पण 2018 मध्ये मॅनी मचाडोच्या बदल्यात बाल्टिमोरला आलेला युस्निएल दियास कुणाला आठवतो? त्या सौद्यातलं तेच ठळक नाव होतं. बाल्टिमोरकडून तो मुख्य लीगमध्ये अवघा एक सामना खेळला. सोबत आलेला डीन क्रेमर मात्र टिकला. 2017 मध्ये डेट्रॉइटने जे. डी. मार्टिनेझ अ‍ॅरिझोनाला दिला. त्याने तिथे 62 सामन्यांत 29 होम रन ठोकले. डेट्रॉइटला आलेल्या तिघांपैकी कुणीही पाय रोवू शकलं नाही. शेवटच्या तीन महिन्यांच्या भाड्यात एवढंच येतं.

सिअ‍ॅटलची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि माझ्या आवडीची. 1998 च्या उन्हाळ्यात रँडी जॉन्सन हा पावणेसात फुटांपेक्षाही उंच असा भयंकर वेगवान पिचर तिथे रुसल्यासारखा खेळत होता, 9 विजय आणि 10 पराभव. 31 जुलैला त्याला ह्यूस्टनला देण्यात आलं. तिथे तो 10 सामने जिंकला, एकच हरला. सिअ‍ॅटलला बदल्यात आली तीन अनोळखी नावं: फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन आणि जॉन हलामा. लोक चिडले. दोन वर्षांत केन ग्रिफी ज्युनियरही गेला, तोही मुक्त होण्याच्या एक वर्ष आधी, सिनसिनाटीला. त्याच्या जागी माइक कॅमेरॉन आला. आणि 2000 च्या हंगामानंतर अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ सौदाबिदा न होता 25 कोटी 20 लाख डॉलरला टेक्ससला निघून गेला. तीन वर्षांत तीन महारथी बाहेर. आणि 2001 मध्ये याच सिअ‍ॅटलने 116 सामने जिंकले, जो आजही अमेरिकन लीगचा विक्रम आहे. गार्सिया 18 सामने जिंकला, गियेन शॉर्टस्टॉपला रॉड्रिगेझच्या जागी उभा राहिला, कॅमेरॉनने 110 धावा आणल्या.

मात्र सगळं श्रेय सौद्यांना देणं हे प्रामाणिकपणाचं नाही. त्याच वर्षी जपानहून इचिरो सुझुकी आला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रेट बून दृष्ट लागण्यासारखा खेळला. शिवाय 116 विजयांचा तो संघ बाद फेरीत यँकीजपुढे 4-1 असा कोसळला, आणि त्याच यँकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये अ‍ॅरिझोनासाठी तीन सामने जिंकून पाडलं ते रँडी जॉन्सनने.

विकण्याऐवजी ठेवलं तर काय होतं? इथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. जाणाऱ्या खेळाडूला संघाने एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव दिला आणि त्याने तो नाकारून दुसरीकडे सही केली, तर जुन्या संघाला नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. संघ श्रीमंत असेल तर ती निवड खाली सरकते, पगाराची मर्यादा ओलांडली असेल तर चौथ्या फेरीच्याही मागे. म्हणजे विक्रीचा तळभाव तोच: ती निवड जितकी मोलाची, त्याहून जास्त मिळत असेल तरच विका. हंगामाच्या मध्यात घेतलेल्या खेळाडूसाठी नव्या मालकाला ही भरपाई मिळत नाही. 2012 च्या आधी मिळत असे. 2008 मध्ये मार्क टेशेरा मध्यात घेऊन हंगामानंतर गमावणाऱ्या एंजल्सना यँकीजची जी निवड मिळाली, ती त्यांनी माइक ट्राउट नावाच्या शाळकरी पोरावर लावली.

त्याच एंजल्सचं नशीब 2023 मध्ये उलटं फिरलं. त्यांचा शोहेई ओहतानी हंगामानंतर मुक्त होणार होता. जुलैअखेर त्यांनी त्याला विकलं तर नाहीच, उलट आपली होतकरू पोरं देऊन लुकास जिओलिटोसारखे खेळाडू आणले. ऑगस्टमध्ये संघ ढासळला, ओहतानीच्या कोपराला दुखापत झाली, आणि महिना संपायच्या आत आणलेली माणसं फुकट सोडून द्यायची वेळ आली. 73 विजय, 89 पराभव. डिसेंबरमध्ये ओहतानी एंजल्सच्याच परिसरातल्या डॉजर्सकडे 70 कोटींवर गेला. याला हट्टाखेरीज दुसरं नाव देता येत नाही. पण 2018 मध्ये वॉशिंग्टननेही ब्राइस हार्परला असंच ठेवलं, तो सौद्याविना निघून गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्याविना संघ विजेता झाला. नशीब हिशेबाला नेहमीच जुमानतं असं नाही.

श्रीमंताने विकल्याचं उदाहरण म्हणजे बॉस्टन. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी मुकी बेट्स डॉजर्सना दिला. 2018 चा तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षी विजेतेपद मिळवून देणारा, आणि एकच वर्ष शिल्लक. सोबत डेव्हिड प्राइसचा जड पगारही खपवला. बदल्यात अ‍ॅलेक्स वर्डुगो, कॉनर वाँग आणि जीटर डाउन्स. वर्डुगो बरा होता. डाउन्स बॉस्टनसाठी मोजके सामने खेळला आणि सोडून दिला गेला. बेट्सने पाच महिन्यांत डॉजर्सशी 36.5 कोटींचा करार केला आणि 2020, 2024 व 2025 अशी तीन विजेतेपदं मिळवली. बॉस्टन त्या काळात तीनदा गटात शेवटचं आलं. क्लीव्हलँडने लिंडोर विकला तेव्हा लोक हळहळले, पण समजून घेतलं. बॉस्टनच्या तिकिटांचे दर पाहणाऱ्यांना हे समजून घेता आलं नाही, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं.

गरीब संघांत ही विक्री सवयीने आणि शिस्तीने करतो तो मिलवॉकी. सुरुवातीला तेही चुकले: ऑगस्ट 2022 मध्ये गटात पुढे असताना जोश हेडर हा आपला शेवटच्या इनिंगचा पिचर विकला, ड्रेसिंग रूमचा हुरूप गेला आणि बाद फेरी एका सामन्याने हुकली. पण हेडरच्या बदल्यात आलेल्या एस्तेउरी रुईझला पुढे सरकवून त्यांनी विल्यम कॉन्ट्रेरास हा उत्तम कॅचर मिळवला. त्यानंतर मोठ्या विक्रीची वेळ त्यांनी उन्हाळ्यातून हिवाळ्यात नेली, जेव्हा खेळाडूचं एक अख्खं वर्ष शिल्लक असतं. 2024 च्या फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्स गेला, त्या वर्षी 93 विजय. डिसेंबरात डेव्हिन विल्यम्स गेला, 2025 मध्ये 97, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. बाद फेरीत डॉजर्सनी त्यांना 4-0 असं धुतलं, ती गोष्ट वेगळी.

आता ठेवणाऱ्याची गोष्ट. 2024 च्या उन्हाळ्यात टोरंटो गटात तळाला होतं आणि विकण्याचा सल्ला सगळीकडून येत होता. त्यांनी तीन महिनेच उरलेले खेळाडू विकले, पण एक वर्ष शिल्लक असलेले व्लादिमिर गरेरो ज्युनियर आणि बो बिशेट हे दोघं ठेवले. बिशेटचा तो हंगाम इतका वाईट होता की विकून फारसं काही आलंही नसतं. एप्रिल 2025 मध्ये गरेरोला 14 वर्षांसाठी 50 कोटी डॉलर दिले. बिशेटशी करार झाला नाही, तरी त्याला खेळवलं. त्या वर्षी टोरंटो 1993 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये उतरलं. गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेल्या बिशेटने सातव्या सामन्यात ओहतानीला तीन धावांचा होम रन ठोकला, आणि डॉजर्सना जिंकायला अकरा इनिंग लागल्या. हिवाळ्यात बिशेट मेट्सकडे गेला. टोरंटोला भरपाई म्हणून मिळाली ती ड्राफ्टमधली चौथ्या फेरीनंतरची एक निवड.